गावाच्या कामाचा पैसा : येतो कोठून, थांबतो कोठे?

(डहाणू व तलासरी तालुक्यांतील शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



कृषी विद्यापीठाचा माणूस बोलायला उभा राहिला की भाताचे वाण, चिकूवरील कीड किंवा मिरचीची रोपवाटिका यांपैकी काहीतरी ऐकायला मिळणार, अशी आपली अपेक्षा असते. आज मात्र विषय वेगळा आहे. बांधावर शिफारशी सांगताना आम्हांला एक गोष्ट वारंवार जाणवते. शिफारस बरोबर असते आणि शेतकरीही ती करायला तयार असतो. पण बंधाऱ्याची फळी गेलेली असते, पाड्याकडे जाणारी मोरी वाहून गेलेली असते, किंवा नळयोजनेच्या पंपाचे वीजबिल थकलेले असते. ही कामे शेतकऱ्याच्या खिशातून होणारी नाहीत, ती गावाच्या पैशातून व्हायची असतात. तो पैसा कोठून येतो, कोणत्या वाटेने येतो आणि त्यावर आपला हक्क किती, हे ठाऊक नसेल तर चांगल्या शिफारशीही कागदावरच राहतात.

आपण जमीन महसुलाची पावती नीट पाहिली आहे काय? महसुलाच्या आकड्यापुढे जिल्हा परिषदेचा आणि ग्रामपंचायतीचा उपकर वेगळा दाखवलेला असतो. रक्कम क्षुल्लक असते, पण तिचा इतिहास मोठा आहे. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाऊ लागला. त्यातून रस्ते व्हायचे आणि एक हिस्सा शाळांना जायचा. म्हणजे गावाच्या सोयीसाठी गावानेच पैसा द्यायचा, ही रीत जुनी आहे. अडचण एवढीच होती की पैसा गावाचा आणि तो खर्च कसा करायचा हे मात्र जिल्ह्याचा साहेब ठरवायचा. या भागात तर त्याहून वाईट परिस्थिती होती. येथला आदिवासी वेठीला जुंपला गेलेला होता. १९४५ साली झरी गावच्या परिषदेतून वेठबिगारीविरुद्ध उठाव उभा राहिला, हे येथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये पंचायत राज्याची शिफारस केली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. शाळा, दवाखाने, रस्ते जिल्हा परिषदेकडे आले. पण जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकातील मोठा भाग हा शिक्षकांचे पगार आणि ठरवून दिलेल्या योजनांचा असतो. शासनाने द्यायचा, परिषदेने वाटायचा. तो आकडा मोठा दिसला तरी त्यावर सदस्यांची मर्जी फारशी चालत नाही. म्हणून नुसत्या आकड्याला भुलू नये. कोणता पैसा आपल्या ठरावाने हलतो आणि कोणता आपल्या अंगणातून नुसता जातो, हे आधी वेगळे करून पाहावे.

घटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आली. तिने २९ विषय पंचायतींकडे सोपवता येतील असे म्हटले, दर पाच वर्षांनी निवडणूक सक्तीची केली आणि दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याचे बंधन घातले. राज्याच्या तिजोरीतील किती वाटा गावांना द्यावा हे या आयोगाने सुचवायचे. महाराष्ट्रात पहिला आयोग १९९४ साली नेमला गेला. माझे मत विचाराल तर, दिल्लीच्या वित्त आयोगाची जेवढी चर्चा होते तिच्या दहाव्या हिश्शानेही राज्य वित्त आयोगाची होत नाही, आणि त्यात गावांचेच नुकसान आहे.

दिल्लीहून निघालेला पैसा

दिल्लीचा वित्त आयोग पूर्वी फक्त राज्यांना वाटा देत असे. दहाव्या आयोगाने पहिल्यांदा पंचायतींचा विचार केला आणि १९७१ च्या जनगणनेतील ग्रामीण लोकसंख्येवर माणशी शंभर रुपये धरले. चौदाव्या आयोगाने (२०१५ ते २०२०) मोठी उडी घेतली. सुमारे दोन लाख कोटी रुपये, आणि तेही थेट ग्रामपंचायतींना. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांना त्यातले काही नाही. त्या वर्षांत अनेक सरपंचांनी आयुष्यात पहिल्यांदा ग्रामपंचायतीच्या खात्यावर एवढी रक्कम पाहिली. पंधराव्या आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये ठरवले. महाराष्ट्राने त्यांची वाटणी ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० अशी केली.

हा लाख कोटींचा आकडा ऐकून डोके गरगरते, म्हणून आपण तो माणशी करून पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशाची ग्रामीण लोकसंख्या सुमारे ८३ कोटी. भागाकार केला तर पाच वर्षांत माणशी २,८४० रुपयांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ५७० रुपये. त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीचे, म्हणजे साधारण ४५५ रुपये. ही देशाची सरासरी झाली. प्रत्येक राज्याचा वाटा लोकसंख्या आणि क्षेत्रफळ यांवर ठरतो, त्यामुळे आपल्या गावाचा खरा आकडा थोडा इकडेतिकडे असेल. तरी अंदाज यावा म्हणून तीन हजार वस्तीची एक ग्रामपंचायत समजा. तिला या पाच वर्षांत वर्षाला तेरा-साडेतेरा लाख रुपये मिळायचे.

आता पुढची गोष्ट. पंधराव्या आयोगाच्या अटींप्रमाणे त्यातले ६० टक्के बंधित होते. निम्मे पिण्याचे पाणी आणि पाणी साठवण यांसाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित होते, पण त्यातूनही पगार आणि कार्यालयाचा खर्च करता येत नसे. म्हणजे आपल्या समजुतीच्या गावाला स्वतःच्या बुद्धीने खर्च करायला सुमारे साडेपाच लाख राहिले. माणशी वर्षाला १८० रुपये, दिवसाला आठ आणे. सरपंच निवडून आल्यावर लोक त्याच्याकडे रस्ता, गटार, दिवे, समाजमंदिर असे सगळे मागतात. मागावेच. पण त्याच्या हातात काय आहे हेही आपण मोजलेले असावे, म्हणजे काय मागायचे आणि कोणाकडे मागायचे ते कळते.

आणखी एक अट आहे. निवडून आलेली संस्था अस्तित्वात असली पाहिजे आणि हिशेब तपासून संगणकावर चढवलेला असला पाहिजे, तरच हप्ता सुटतो. २०२२ नंतर राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांच्या निवडणुका लांबल्या आणि प्रशासक बसले. निवडणूक लांबली तर पैसाही लांबतो, हा धडा त्यातून मिळाला.

घरपट्टी आणि कौलारू घर

दुसरा मार्ग गावाचा स्वतःचा. घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी, बाजाराची फी. येथे डहाणू आणि तलासरी यांच्यात, इतकेच काय, एकाच डहाणू तालुक्याच्या दोन टोकांत केवढा फरक आहे पाहा. चिंचणी, वाणगावकडे डाय बनवणारे कारखानदार, घोलवड-बोर्डीला चिकूच्या वाड्या, बंगले, पर्यटकांची ये-जा. घरपट्टीची आकारणी २०१५ च्या अखेरच्या नियमदुरुस्तीपासून इमारतीच्या भांडवली मूल्यावर होते. पक्क्या बंगल्याचे मूल्य मोठे, कुडाच्या भिंतींच्या घराचे जवळजवळ काहीच नाही. तलासरी तालुक्यात २०११ मध्ये लोकसंख्या दीड लाखावर होती आणि त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास आदिवासी. डोंगराकडच्या पाड्यांवर कुडाच्या घराला पट्टी आकारून आकारणार किती?

आणखी एक मार्ग मुद्रांक शुल्काचा आहे. जमिनीची खरेदी-विक्री झाली की अधिभारातला हिस्सा जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांना मिळतो. पण आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही, आणि तसे बंधन असायलाच हवे. त्यामागे जमिनी हातच्या गेल्याचा कटू अनुभव आहे. त्याचा एक परिणाम मात्र ओघाने येतो. जेथे जमिनीचे व्यवहार थोडे, तेथे हा हिस्साही थोडा. एखाद्या शहरालगतच्या ग्रामपंचायतीला जे उत्पन्न बसल्या जागी मिळते, ते उधव्याकडच्या ग्रामपंचायतीला कधी मिळणार नाही. म्हणूनच वरून येणारा पैसा ही मेहेरबानी आहे असे कोणी म्हटले तर मानू नये. ज्या गावाची कर देण्याची ताकद कमी, तेथल्या मुलाला पाणी आणि शाळा मात्र तेवढीच लागते. हे अंतर भरून काढणे हे राज्याचे आणि देशाचे काम आहे.

महाराष्ट्राने याचे एक मोठे उदाहरण घालून दिले आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना चालावी म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. मुंबईतल्या पगारदाराच्या पगारातून कापलेला पैसा आणि त्यात शासनाची भर, अशा रकमेतून खेड्यात पाझर तलाव आणि बांधबंदिस्ती झाली. शहराने गावाला वाटा देण्याची ही रीत पुढे दिल्लीच्या कायद्यालाही आधार झाली.

तरीही घरपट्टी भरायची. कितीही थोडी असली तरी. केवळ कायदा म्हणून मी हे सांगत नाही. स्वतःच्या उत्पन्नावर ग्रामपंचायतीला जेवढी मोकळीक असते तेवढी दुसऱ्या कोणत्याच पैशावर नसते. पंपाची मोटार जळाली तर ती आठ दिवसांत दुरुस्त करायला मंजुरीच्या फायली फिरवाव्या लागत नाहीत. नमुना ८ मध्ये आपल्या घराची नोंद बरोबर आहे का ते पाहा, नमुना १० ची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के अपंगांसाठी खर्च करण्याचे बंधन आहे, तेही विचारत चला. जलजीवन योजनेत डोंगराळ आणि आदिवासीबहुल गावांना गावातील कामाच्या खर्चाच्या ५ टक्के लोकवर्गणी ठरवली आहे, इतरांना १०. ती रोख, साहित्य किंवा श्रमाने देता येते. योजना बांधून झाल्यावर ती चालवायची मात्र पाणीपट्टीवर. नळ कोरडे पडतात ते पुष्कळदा पाणी आटल्यामुळे नव्हे, बिल थकल्यामुळे.

पेसा आणि पाच टक्के

आता आपल्या भागाचा खास विषय. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके १९८५ च्या आदेशाप्रमाणे संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतात. दिलीपसिंग भुरिया समितीच्या शिफारशीनंतर २४ डिसेंबर १९९६ रोजी पेसा कायदा झाला. महाराष्ट्राचे नियम यायला २०१४ साल उजाडले. अठरा वर्षे! त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला.

पेसाचे नाव निघाले की जमीन संपादनापूर्वी ग्रामसभेचा विचार घेण्याचे कलम सर्वांना आठवते, आणि बुलेट ट्रेन, द्रुतगती मार्ग, वाढवण बंदर यांच्यामुळे ते साहजिकही आहे. पण आजचा विषय पैशाचा, म्हणून त्याच कायद्यातील कमी बोलल्या जाणाऱ्या दोन तरतुदी सांगतो. पहिली : विकासाचा आराखडा, कार्यक्रम किंवा प्रकल्प ग्रामपंचायतीने हाती घेण्यापूर्वी त्याला ग्रामसभेची मंजुरी हवी, आणि योजनांचे लाभार्थीही ग्रामसभेनेच निवडायचे. दुसरी : त्यावर झालेल्या खर्चाचे विनियोग प्रमाणपत्र ग्रामपंचायतीने ग्रामसभेकडून घ्यायचे. नीट ऐका. पैसा योग्य जागी खर्च झाला हे प्रमाणपत्र आपण द्यायचे आहे. तालुक्याच्या कार्यालयात बसून कोणी द्यायचे नाही. बिगर-आदिवासी भागातील शेतकऱ्याला एवढा अधिकार नाही.

आदिवासी उपयोजनेचा पैसाही असाच समजून घ्यावा. सुकथनकर समितीच्या शिफारशीवरून महाराष्ट्राने १९९३-९४ पासून राज्य योजनेचा ठरावीक हिस्सा आदिवासी विकास विभागाकडे वेगळा काढायला सुरुवात केली. आपल्याकडे त्याचे काम डहाणूच्या प्रकल्प कार्यालयातून चालते. पण योजना वरून ठरून येत असत. ज्या पाड्याला साकव हवा त्याला सौरदिवा मिळे आणि ज्याला विहीर हवी त्याला शिलाई यंत्र. यावर उपाय म्हणून २१ एप्रिल २०१५ च्या शासन निर्णयाने आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचे ठरले. सुरुवातीला ही रक्कम राज्यभरात अडीचशे कोटींच्या घरात होती. वाटप आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात. पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसा यांची अंमलबजावणी, आरोग्य, स्वच्छता व शिक्षण, आणि वनसंवर्धन, जलसंधारण, वनतळी, वनोपजावर उपजीविका, असे चार प्रकारचे खर्च त्यातून करता येतात. कोणते काम करायचे ते ग्रामसभेने ठरवायचे. ग्रामपंचायतीत दोन-तीन गावे असतील तर प्रत्येक गावाचा वाटा त्याच्या लोकसंख्येप्रमाणे वेगळा धरायचा असतो. मोठ्या गावाने लहान पाड्याचा घास घेऊ नये, हा त्यामागील हेतू.

गावाला मोकळा पैसा देण्याचा हा प्रयोग फक्त आपल्याकडेच झालेला नाही. केरळने १९९६ साली लोकयोजना सुरू केली तेव्हा राज्य योजनेचा पस्तीस ते चाळीस टक्के भाग स्थानिक संस्थांना दिला. इंडोनेशियाने २०१४ चा ग्रामकायदा करून २०१५ पासून राष्ट्रीय अंदाजपत्रकातून गावांना थेट निधी सुरू केला. दोन्हीकडे एकच दिसले, की पैसा देणे सोपे असते, सभेला माणसे आणणे अवघड असते.

आपल्याकडे ते का अवघड आहे? आळस हे कारण मला पटत नाही. ग्रामसभांच्या तारखा पाहा. १५ ऑगस्टला आवणी नुकतीच उरकलेली असते आणि खत-बेणणीची घाई चालू असते. २ ऑक्टोबरला हळवे भात कापणीला आलेले असते. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर, काही बोटीवर, काही वसई-भिवंडीकडे बिगारीला. २६ जानेवारीला घरात म्हातारी माणसे आणि कुलपे. १ मेलाही बरीच कुटुंबे परतलेली नसतात. आणि पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा, ‘आमचा गाव आमचा विकास’ म्हणतात तो, तयार होतो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात! ज्या कुटुंबांना पाण्याची, रोजगाराची गरज सर्वांत जास्त, नेमकी तीच आराखडा ठरताना गावात नसतात. मग भट्टीवर न गेलेल्यांच्या आळीत काँक्रीटचा रस्ता होतो आणि वरच्या पाड्याची विहीर पुढच्या वर्षावर जाते. यात दर वेळी कोणी लबाडी केलेली असते असे नाही. जो हजर असतो त्याचे काम लिहिले जाते, इतकेच.

यावर तोडगा काढता येतो. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा सांगितल्या आहेत, चारच घ्या असे सांगितलेले नाही. भाताची मळणी आणि स्थलांतर यांच्या मधले आठ-दहा दिवस आपल्याला ठाऊक असतात. त्या दिवसांत पाड्यावर बैठक लावून कामांची यादी आधी लिहून काढावी. महिलांची सभा वेगळी घ्यावी, कारण पाण्याला किती वेळ जातो हे पुरुषाला विचारून कळत नाही. मग ती यादी सहीनिशी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, देऊन पोच घ्यावी. आराखड्याच्या सभेला पाड्यातून दोन माणसे राहिली तरी लेखी यादी बोलते.

काम निवडताना शेतीकडेही पाहा, ही माझी आग्रहाची विनंती. जलसंधारणाला या निधीत जागा आहे. रब्बीत वाल, हरभरा किंवा मिरची घेता येईल एवढी ओल टिकवणारा बंधारा दहा-पंधरा कुटुंबांना भट्टीवर जाण्यापासून वाचवू शकतो. प्रवेशद्वाराची कमान कोणालाही वाचवत नाही. तिच्यावर नावे मात्र मोठी असतात.

ज्या पाड्यांना वाटते की मोठ्या गावाच्या सभेत आपला आवाज पोचतच नाही, त्यांच्यासाठी २०१४ च्या नियमांत एक वाट आहे. पाड्यातील निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करून, आपला पाडा पेसाखाली स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करावा, अशी मागणी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करता येते. तसे झाले की त्या पाड्याची ग्रामसभा स्वतंत्र, ग्रामसभा कोष स्वतंत्र आणि निधीतील वाटाही लोकसंख्येप्रमाणे वेगळा मोजला जातो. ग्रामपंचायत तीच राहते, सरपंच तोच राहतो. एक लक्षात असू द्या, पेसा हा ग्रामीण भागाचा कायदा आहे. डहाणूला नगरपरिषद आहे आणि तलासरीला आता नगरपंचायत. त्यांच्या हद्दीतील वस्त्यांचा पैसा वेगळ्या मार्गाने येतो आणि तेथे ही वाट चालत नाही. त्या हद्दीबाहेरच्या पाड्यांनी ठरावाबरोबर मतदारांची यादी, पाड्याचा कच्चा नकाशा आणि सीमेच्या खुणा जोडाव्यात. ओढा, जुना आंबा, गावदेवीचे ठिकाण, जे सर्वांना मान्य असेल ते लिहावे. शेजारच्या पाड्याशी सीमेबद्दल आधीच बोलून घेतले तर चौकशीच्या वेळी तंटा होत नाही.